तीन पाकिटं सुग्रू, नऊ मोडक्या वस्तू: लावू कुठं?

वडगावचा मामा
(8 जुलै, रात्री 10:20)

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात राहतो, एका पतसंस्थेत सोनेतारणाचं काम बघतो. प्रश्न सोन्याचा नाही, रबराचा आहे. पण वजन ऐकलं की कळेल, मी त्याच्याकडं सोन्यासारखं का बघायलोय.

भाची आयर्लंडला नर्स आहे. मे महिन्यात आली तेव्हा सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि माझ्या हातात तीन चपटी पाकिटं ठेवली, शांपूच्या पुडीएवढी. "मामा, तुला हेच आवडणार," म्हणाली. नाव सुग्रू. आत साडेतीन ग्रॅम माल. साडेतीन ग्रॅमात आमच्याकडं एक नाजूक बायकी अंगठी बसते, त्यामुळं किती थोडं आहे ते मला कुणी सांगायला नको.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही सिलिकॉनची कणीक आहे. पाकीट फोडायचं, मळायचं, मोडक्या जागी दाबून हवा तो आकार द्यायचा आणि एक दिवस त्याला हात लावायचा नाही. मग त्याचं रबर होतं आणि चिकटूनही राहतं. 180 अंशांपर्यंतची उष्णता सोसतं. गोम अशी, की फोडल्यावर अर्ध्या तासात काम उरकायचं. उरलं म्हणून पुडी वळून ठेवता येत नाही. न फोडलेल्या पाकिटालाही तारीख असते, माझी ऑक्टोबरात संपायलीत.

हे ज्या बाईनं काढलं तिची गोष्ट भाचीनं सांगितली, नंतर मीही वाचली. जेन नावाची आयरिश बाई लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होती. 2003 साली ती सिलिकॉन सीलंटमध्ये, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणात, लाकडाचा भुसा मिसळून काय होतंय ते बघत होती, त्यातनं हे सुचलं. प्रत्यक्ष विकायला यायला 2009 चा डिसेंबर उजाडला. सुग्रू हे नाव आयरिश भाषेतल्या खेळ या अर्थाच्या शब्दावरनं. 2018 मध्ये टेसा या चिकटपट्ट्या बनवणाऱ्या जर्मन कंपनीनं ते घेतलं. सहा वर्षं एका मिश्रणाच्या मागं लागलेली बाई म्हटल्यावर आमची ही म्हणाली, "तुमचीच बहीण दिसत्या."

तिचंही बरोबर आहे. आमच्या घरी दोन माग होते. धोट्याचं टोक झिजलं, फणीचा दात वाकला, की बाबा सूत, मेण, पत्र्याचा तुकडा असलं काहीबाही घेऊन बसायचे. 'टाकून दे' हे आमच्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. माग गेले, सवय राहिली. माळ्यावर एक पेटी आहे, तिला घरची माणसं दवाखाना म्हणतात. सध्या ॲडमिट असलेले पेशंट नऊ.

कुकरची मूठ तडकली आहे. मिक्सरच्या भांड्याखालच्या रबरी कपलरचे दात गेलेत. निळी बादली बुडाजवळ चिरली आहे. डोक्याला बांधायच्या बॅटरीचं चार्जिंगचं भोक झाकणारं रबर तुटून पडलं. मोबाईलच्या चार्जरची वायर पिनेपाशी सोलली आहे. ट्रेकचे बूट आठ वर्षांचे, त्यातली शेवटची दोन वर्षं माळ्यावर. परवा घातले तर डाव्याचा सोल मगरीसारखा आ करून बसला. तंबूची एक फायबरची काठी उभी चिरली आहे. चहाच्या लहान किटलीच्या झाकणाची मूठ मागच्या कॅम्पात जळाली. आणि आईच्या चालायच्या काठीची मूठ गुळगुळीत झाली आहे, तिच्या हातातनं निसटते. आईला संधिवात आहे, बोटं पुरती मिटत नाहीत.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघं जांबोटीच्या पुढं एका मित्राच्या शेतात तंबू लावणार आहे. दरवर्षीचं आहे आमचं. त्याआधी हे सगळं मार्गी लावायचंय.

एकूण माल साडेदहा ग्रॅम. कुठं लावू, कुठं वाया जाईल, कुठं धोका आहे? अनुभव असलेल्यांनीच सांगा. यूट्यूब मी पण बघतो.


खडेबाजार 59
(रात्री 10:31)

फेव्हिक्विक टाक आणि झोप की मामा. जगात दुसरं काय लागत नाही.


वडगावचा मामा
(रात्री 10:40)

तुझ्या चपलेचा अंगठा मागच्या गणपतीत कशानं चिकटवला होतास आणि मिरवणुकीत कुठं तुटला, सांगू काय सगळ्यांना?


उद्यमबाग निवृत्त
(9 जुलै, सकाळी 6:15)

मामा, मी 31 वर्षं उद्यमबागेत रबर मोल्डिंगमध्ये काढली. हायड्रॉलिकवाल्यांना सील, ओ-रिंग, पॅकिंग करून देत होतो. सुग्रू मी वापरलं आहे, मुलानं एकदा मागवलं होतं. माझं मत लांब आहे, चहा घेऊन बसा.

लोक रबर म्हणतात, पण रबर म्हणजे एक वस्तू नव्हे. सायकलच्या ट्यूबचं वेगळं, ऑइल सीलचं वेगळं. तुमचं सिलिकॉनचं आहे. सिलिकॉन ऊन, पाऊस, उष्णता यांना दाद देत नाही. पण फाटण्यात ते फार दुबळं. अखंड असतं तोवर छान, एकदा ब्लेडनं बारीक चीर पडली की पुढं फाटतच जातं. पेट्रोल-रॉकेलमध्ये ते फुगतं, म्हणून रॉकेलच्या स्टोव्हच्या वॉशरला कधी वापरू नका. सारांश, जिथं धरायला मऊ हवं, थोडं लवायला हवं, पाणी अडवायला हवं तिथं ते सोन्यासारखं. जिथं ओढ आहे, पीळ आहे, वजन लोंबकळतं, तिथं नाही.

खडेबाजारवाल्यांच्या फेव्हिक्विकचंही याच्या उलट एवढंच. ते कडक होतं. दोन कडक तुकडे नेमके बसत असतील तर ताकद भरपूर, पण लवणाऱ्या वस्तूवर कटकन सुटतं. चप्पल लवते.

आता हे घट्ट कसं होतं ते कळलं तर निम्म्या चुका टळतात. आम्ही कच्चं रबर गरम साच्यात प्रेसखाली दाबून क्युअर करायचो. याला साचा नको, प्रेस नको, हवेतला ओलावा पुरतो. म्हणजे बेळगावचा जुलै याच्यासाठी उत्तम. मात्र ओलावा बाहेरून आत शिरतो, म्हणून बाहेरची साल आधी घट्ट होते आणि गाभा मागाहून. पाच मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर एक दिवस पुरे. लिंबाएवढा गोळा लावलात तर वरून टणक लागेल आणि आत दोन-तीन दिवस चिक राहील. जाड हवं असेल तर आज एक थर, उद्या त्यावर दुसरा. सिलिकॉन सिलिकॉनला झकास धरतं. उलट, सिलिकॉनवर दुसरा कुठलाही गोंद धरत नाही. म्हणजे एकदा हे लावलंत की पुढची दुरुस्तीही याचीच, हे लक्षात ठेवून लावा.

हवेत ओलावा चालतो, वस्तूवर चालत नाही. घरात सुकवायला टाकलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत अशा दिवसांत वस्तूही कोरडी दिसते, पण नसते. रात्रभर फ्रिजच्या मागं उबेला ठेवा. मग बारीक सँडपेपर फिरवा, स्पिरिट लावून पुसा, आणि पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नका. माझ्याकडं शिकायला आलेली पोरं इथंच चुकायची. पुसायची आणि लगेच 'पुसलं काय' म्हणून बोट फिरवून बघायची. बोटाला तेल असतं.

आता तुमचे पेशंट.

बादलीच्या बुडाशी त्रिकोण असेल, त्यात 5 किंवा 2 आकडा बघा. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 2 म्हणजे जाड पॉलिथिलीन. या दोन्हींना जगातलं फारसं काही चिकटत नाही, सुग्रू तर नाहीच. बादली जोडायची तर त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी जुन्या सोल्डरिंग आयर्ननं वितळवून चिरेत भरायची. खिडकी उघडी ठेवून.

कपलरला हात लावू नका. मोटरचा सगळा पीळ त्या दातांवर येतो. जुना काढून रविवार पेठेत घेऊन जा, किरकोळ पैशांत नवा मिळेल. बऱ्याच मिक्सरना त्याचे आटे उलटे असतात, तेव्हा सुटेना म्हणून जोर लावायच्या आधी उलट्या बाजूनं फिरवून बघा.

चार्जरची वायर चालेल, पण मोबाईलकडच्या बाजूचीच, आणि आतलं तांबं उघडं नसेल तरच. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या वायरीला असले प्रयोग नकोत.

किटलीच्या झाकणाला वाफेची उष्णता लागते, ती 100 अंशांच्या आसपास. तेवढं सुग्रू सोसेल. पण तुम्ही ती तीन दगडांच्या चुलीवर ठेवणार आणि जाळ बाजूनं वर येणार. जाळाला 180 चं बंधन नाही. झाकणाच्या भोकातून एक स्क्रू घालून त्यावर सागवानाची गोटी बसवा, पिढ्यान् पिढ्या चालेल.

बॅटरीचं झाकण आणि आईची काठी. मामा, खरं काम ते. कुकर, बूट, तंबू मी दुसऱ्यांवर सोडतो.


शहापूरची आक्का
(सकाळी 11:50)

कुकरचं मी सांगते, कारण माझ्या पायावर अजून डाग आहे.

चार वर्षांमागं आमच्या पाच लिटरच्या कुकरची मूठ अशीच तडकली. दोन रंगांच्या कांड्या मळून एक करायची ती पुट्टी असते बघा हार्डवेअरमध्ये, ती मी लावली. दगडासारखी झाली. महिनाभर काही नाही. मीच सगळ्यांना कौतुकानं दाखवायची, बघा कशी बसवली म्हणून. मग एका संध्याकाळी तूरडाळ शिजलेला कुकर गॅसवरनं उचलला आणि मूठ हातात, कुकर खाली. नशीब, शिट्टी पडून गेली होती, झाकण उघडलं नाही. नुसती धार आली ती पायावर. दोष पुट्टीचा नव्हं, माझा. जे उचलायचं, ज्यात दाब असतोय, ते चिकटवून वापरायचं नसतंय.

मूठ सुटी मिळते हो भाऊ. कुकरचं नाव आणि लिटर सांगायचं, भांड्यांच्या दुकानात स्क्रूसकट देतात. जुना स्क्रू झिजला असेल तर तोही बदला, बऱ्याचदा मूठ तडकायचं कारण तोच ढिला स्क्रू असतोय.

कुकरच्या रिंगेलाही हे लावायचं मनात आणू नका. आणि गॅसच्या नळीला तर बघूच नका. नळीवर तारीख छापलेली असते, ती वाचा आणि झाली असेल तर नवी घ्या. विचारलं नव्हतं तरी सांगितलं, कारण तुमच्या त्या दवाखान्यात दहावा पेशंट तोच असणार असं मला वाटायलंय.

बाकी आईंची काठी वाचून बरं वाटलं. आमच्या सासूबाई काठीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळायच्या. दर पंधरा दिवसांनी धुवायला काढायची, परत गुंडाळायची. असलं काही तेव्हा असतं तर.


वडगावचा मामा
(दुपारी 2:05)

आक्का, गॅसच्या नळीचं तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या हिनं काय?

(बघितली. तारीख गेल्या वर्षी संपलेली. आजच सांगितलीय नवी.)


निपाणीचा भटक्या
(रात्री 9:10)

मामा, बूट आणि काठी माझ्याकडं द्या.

बुटाचं आधी. सोल सुटलाय म्हणजे नेमकं काय झालंय ते बघा. तळाचं काळं रबर आणि वरचं चामडं यांच्या मधे एक फेसासारखा थर असतो, बऱ्याच ट्रेकिंग बुटांत तो पॉलियुरेथेनचा. त्याला नख लावा. चुरा पडला, भिजलेल्या खारीसारखा, तर विषय संपला. हवेतल्या ओलाव्यानं तो आतून विघटित होतो. गंमत म्हणजे रोज घातलेल्या बुटाला त्रास कमी, जपून माळ्यावर ठेवलेल्याला जास्त. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत तर विचारूच नका. तसल्या थराला सुग्रू लावा नाहीतर आणखी काही, गोंद धरेल पण खालचा थरच निघून हातात येईल. माझा एक बूट असा चोर्ला घाटात गेला. पुढचे सात किलोमीटर मी नायलॉनच्या दोरीनं सोल बांधून चाललो, दर अर्ध्या तासाला गाठ सोडून परत.

फेस टणक असेल आणि नुसता जोड उकलला असेल, तर बूट दुरुस्त करणाऱ्याकडं न्या. जुना गोंद खरवडून, सोल्युशन दोन्हीकडं लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकवून, मग दाबून, वर कडेनं शिवण मारायला सांगा. शिवणीशिवाय घेऊ नका. साडेतीन ग्रॅममध्ये सोल होत नसतोय.

तंबूची काठी. फायबरची काठी उभी चिरली की तिचा वाकायचा जोर गेला. वरून रबर लावणं म्हणजे मोडलेल्या हाडाला मलम. तेवढा एक तुकडा बदलून मिळतो, आतल्या इलॅस्टिक दोरीसकट. तुकडा कापावा लागला तर ओला सँडपेपर वापरा आणि हातमोजे घाला. त्या काचेच्या बारीक कुसळांची खाज दोन दिवस जात नाही. जंगलातच मोडली तर चिरेवर बसेल अशी ॲल्युमिनियमची वीतभर नळी सरकवायची आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी. मी अशी एक नळी कायम बरोबर ठेवतो, आणि चिकटपट्टी पाण्याच्या बाटलीलाच गुंडाळलेली. नळी नसली तर तंबूची खुंटी बाजूला बांधून वेळ मारता येते.

जांबोटी म्हणजे पुढं कणकुंबीचा पाऊस. तो वरून पडत नाही, आडवा येतो. तेव्हा काठीपेक्षा फ्लायच्या, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या कापडाच्या, शिवणी आधी तपासा. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असेल तर त्याचं सीम सीलर (शिवणी बुजवायचं औषध) वेगळं, आणि सिलिकॉन पाजलेलं कापड असेल तर त्यावर फक्त सिलिकॉनच धरतं. कुठलं आहे ते ओळखायचं सोपं: शिवणीवर आतून कारखान्यातली पट्टी चिकटवलेली असेल तर बहुतेक पॉलियुरेथेन, कारण सिलिकॉनवर ती पट्टी बसतच नाही. आत थराचे पोपडे निघत असतील आणि मोज्यासारखा वास येत असेल तर नवा फ्लाय बघा.

सुग्रू तुम्ही तंबूत एकाच ठिकाणी लावा. झिपच्या ओढणीला. बारीक धातूची ओढणी ओल्या, गारठलेल्या बोटांना सापडत नाही. हरभऱ्याएवढा गोळा पुरे. लाल रंगाचं पाकीट असेल तर तेच, बॅटरीच्या उजेडात दिसतं.


उद्यमबाग निवृत्त
(10 जुलै, सकाळी 6:05)

एक राहिलं. कच्चं असताना हातमोजे घाला. जुन्या बनावटीच्या पाकिटांत असे घटक होते की काही जणांच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होई. घट्ट झाल्यावर भीती नाही. आईच्या हाताचा ठसा घेणार असाल तर मुठीवर आधी जेवणाचं झाकायची पातळ पारदर्शक फिल्म गुंडाळा आणि त्यावरून दाबायला सांगा.

तयार वस्तूवर बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून शेवटी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवायचं. तेच साबणाचं पाणी एखाद्या बाजूला आधी लावलं तर ती बाजू चिकटत नाही. बॅटरीच्या झाकणाला याचा उपयोग होईल, कसा ते तुम्हीच शोधा.


वडगावचा मामा
(3 ऑगस्ट, रात्री 11:10)

मंडळी, हिशेब द्यायला आलोय.

पहिलं पाकीट लाल. मुलीचा स्वयंपाकाचा काटा घेतला, हातमोजे घातले, समोर घड्याळ ठेवलं. हिनं दारातनं बघितलं आणि काही न बोलता आत गेली. साडेतीनाचे चार भाग केले. एक ग्रॅम चार्जरच्या वायरीला, तांबं दिसत नव्हतं. पिनेपाशी जाड आणि पुढं निमुळतं होत जाईल असं लावलं, म्हणजे वायर एकाच ठिकाणी मोडत नाही. अर्धा-अर्धा ग्रॅम तंबूच्या दोन झिपांना.

दीड ग्रॅम बॅटरीला. उद्यमबागच्या काकांनी कोडं घातलं होतं ते असं सुटलं: चार्जिंगच्या भोकात कापसाच्या काडीनं साबणाचं पाणी फिरवलं, पार आत नाही, कडेनं. वरच्या बाजूचा बिजागरीएवढा भाग मात्र स्पिरिटनं पुसून कोरडा ठेवला. मग सुग्रू दाबलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नखानं उचललं तर वरची बाजू चिकटलेली आणि खालची भोकाच्या नेमक्या मापाची, बुचासारखी टप्पकन निघणारी. मी ते वीसेक वेळा उघडझाप केलं. मग नळाखाली धरलं. आत थेंब नाही. कंपनीचं होतं त्यापेक्षा चांगलं बसलंय, हे मी पैजेवर सांगतो.

आता कबुली. वायरीला ठेवलेल्या एका ग्रॅममधला चिमूटभर मी बादलीला लावला. काकांनी नको म्हटलं होतं, बुडाशी 5 आकडा स्वच्छ दिसत होता, तरी लावला. बाबांचा मुलगा आहे, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी केळ्याची साल निघावी तसं अख्खं निघून आलं. बादली आता कोथिंबिरीची झाली. चिरेतनं पाणी आपोआप निथळतं, उलट सोयच.

कुकरची मूठ नवी, स्क्रू नवा. आक्का, दुकानदारानं तुमचंच वाक्य म्हटलं, ढिल्या स्क्रूचं. कपलर आणला; जुन्याचे आटे उलटेच होते, आणि वाचलं नसतं तर मी तो नक्की मोडला असता. बुटाला नख लावलं. चुरा. नखात काळा फेस राहिला आणि मला एकदम वाईट वाटलं, दोन वर्षं जपून ठेवले होते. तंबूच्या काठीचा तुकडा मागवलाय. किटलीला सागवानाची गोटी बसवली. लाकूड जुन्या मागाचं आहे, दवाखान्यातच होतं.

दुसरं पाकीट काळं, ते अख्खं आईला दिलं.

काठी ॲल्युमिनियमची. मुठीवरचं प्लास्टिक काढून टाकलं, नळी घासली, पुसली, रात्रभर फ्रिजमागं ठेवली. आईला खुर्चीत बसवलं. सुग्रूची पोळी लाटल्यासारखी पट्टी करून मुठीभोवती लावली, फिल्म गुंडाळली आणि म्हटलं, "आता तू नेहमी धरतेस तशी धर. मुद्दाम घट्ट नको." तिनं धरली. मी डॉक्टरसारखा बघत बसलो. मला वाटायचं ती चारी बोटांनी धरते. तसं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नुसती टेकलेली असतात, सगळं वजन अंगठ्याच्या बुडाशी आणि तळव्यावर. म्हणजे जाडी बोटांकडं नको, तळव्याकडं हवी. परत सगळं काढून तिकडं सरकवलं. तोवर वीस मिनिटं गेलेली, मला घाम फुटला. आई शांत. "तुझे बाबा फणी बसवताना असेच घामाघूम व्हायचे," म्हणाली.

24 तास तिला काठीला हात लावू दिला नाही. भिंतीला धरून चालली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की काठी दवाखान्यात आहे. फिल्म काढली तेव्हा तळव्याकडचा भाग अजून थोडा मऊ वाटला, तिथं जाडी जास्त होती, म्हणून आणखी एक दिवस थांबलो. आता तिच्या तळव्याची रेघसुद्धा त्यात आहे. परवा देवळात जाऊन आली. परत आल्यावर काठी कोपऱ्यात टेकवायच्या आधी तिनं एकदा मुठीवरनं हात फिरवला. माझ्याकडं बघितलं नाही, पण फिरवला.

काठीच्या खालचं रबरी बूड मात्र मी विकतचं घातलं, आक्कांची शिकवण. तिथं आईचं सगळं वजन येतं, फरशी ओली असते.

तिसरं पाकीट फ्रिजमध्ये आहे. थंडीत जास्त टिकतं म्हणतात. लोणच्याच्या बरणीमागं ठेवलंय, वर चिठ्ठी: 'खायचं नाही. मामा.' चिकोडीच्या मावशीचा निरोप आलाय की तिची काठीपण गुळगुळीत झालीय. तेव्हा त्याचीही सोय लागली.

आता शेवटचा प्रश्न, काका. यूट्यूबवर बघितलं की हार्डवेअरमधल्या सिलिकॉन सीलंटमध्ये कॉर्नफ्लॉर मिसळून घरी असलंच करता येतं. खरं काय? आणि कॉर्नफ्लॉर किती ग्रॅम घालायचं?


उद्यमबाग निवृत्त
(4 ऑगस्ट, सकाळी 6:10)

खरं आहे. व्हिनेगरचा वास येतो ते सीलंट घ्या. एरवी ते जाड लावलं तर आतून दिवसेंदिवस ओलं राहतं. कॉर्नफ्लॉरमधला ओलावा सगळीकडं पसरतो, म्हणून आतबाहेर एकदमच घट्ट होतं, आणि फार लवकर. तासाभरात, उकाडा असेल तर त्याआधीच. त्यामुळं एका वेळी थोडंच मळा. गच्चीवर मळा, वास डोळ्यांना झोंबतो. हातमोजे. तांब्याच्या वायरीजवळ नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. आणि सुग्रूइतकं ते चिकटत नाही, म्हणून काठीला बसवताना नळीला आधी दोन बारीक भोकं पाडा, मिश्रण त्यांत शिरून अडकून बसेल.

साधारण एकास एक. वाटीनं मोजा, काट्यानं नको. सोनं नव्हं ते.


शहापूरची आक्का
(सकाळी 9:30)

आणि ती वाटी परत स्वयंपाकघरात आणू नका.